एक सूप कोंडा

निलेशचा पणजोबा कोंडू हा माणूस सत्तर वर्षं जगला, त्याने तीन पोरं वाढवली, चिंचमाळाच्या वाडीत दोन घरं बांधली, त्यातलं एक पडलं, आणि एवढं सगळं त्याने सरकारला अजिबात कळू न देता केलं.

वाडीतल्या म्हाताऱ्यांना तो अजून डोळ्यांसमोर दिसायचा. तो कोणत्या पायाने लंगडायचा यावर भांडण व्हायचं, पण लंगडायचा यावर एकमत होतं. कर्जतच्या कचेरीत मात्र तो जन्मला नव्हता, शिकला नव्हता, त्याच्या नावावर गुंठाभर जमीन नव्हती आणि तो मेलाही नव्हता. निदान ही शेवटची गोष्ट खरी असती तरी चाललं असतं, त्यालाच बोलावून घेतलं असतं.

कोंडूची गरज पडली ती वनिताला. वनिता ही निलेशची धाकटी बहीण. अलिबागला नर्सिंगचं पहिलं वर्ष पास झालेली, वाडीतून इतकी पुढे गेलेली पहिलीच मुलगी. जागा आदिवासींच्या राखीव कोट्यातली होती, म्हणून जातपडताळणी समितीचा दाखला लागत होता. तोही डिसेंबरअखेर, नाहीतर जागा रद्द. समितीला १९५० च्या आधीचा कागद हवा होता, ज्यात रक्ताच्या पूर्वजाच्या नावापुढे ‘ठाकूर’ लिहिलेलं असेल. बापाचा, म्हणजे धाऊचा, शाळेचा दाखला होता, पण तो सत्तर सालचा. आजा कमळ्या शाळेत गेला होता एकदाच, तिच्या छपराची कौलं वाहायला. राहिला पणजोबा.

निलेश भिसेगावात खोली घेऊन राहायचा आणि कंत्राटावर विजेचे मीटर वाचायचा. त्यामुळे कागदावरच्या मेलेल्या माणसांची त्याला सवय होती. तालुक्यातली कितीतरी मयत माणसं अजून महिन्याच्या महिन्याला नियमाने वीज वापरतात हे त्याला माहीत होतं. उलटा प्रकार, म्हणजे सत्तर वर्षं जगून कुठेच नसलेला माणूस, त्याने पहिल्यांदाच पाहिला. किंवा पाहिला नाही.

आठ महिने गेले. जुनी रजिस्टरं मोडीत होती. मोडी वाचणारे वाल्मिककाका कचेरीबाहेर टेबल टाकून बसायचे आणि अर्ज, करारनामे, प्रतिज्ञापत्रं असं जे पडेल ते लिहून द्यायचे. त्यांनी एका दुपारी जन्ममृत्यूच्या रजिस्टरची नक्कल समोर धरली आणि उद्याचं हवामान सांगावं तशा आवाजात वाचलं, “पोश्या शिंगवा, ठाकूर, चिंचमाळाची वाडी. सन अकरा, मुलगा, मयत, ताप. सन तेरा, मुलगी, मयत, ताप. सन पंधरा, मुलगी, मयत, हगवण. सन अठरा, मुलगा, मयत, ताप.”

पोश्या म्हणजे कोंडूचा बाप. निलेश टेबलाला टेकलेला सरळ झाला. “आणि पाचवा? कोंडू?”

“पाचवा नाय.”

“मेलेले चार सापडले, आणि जगलेला एक नाय?”

“जगलेल्याची नोंद करायला कोण धावतंय, निलेश,” वाल्मिककाकांनी चष्मा काढून शर्टाच्या टोकाला पुसला. “पण तुझं अर्धं काम झालं. पोश्या ठाकूर होता हे पक्कं. आता कोंडू पोश्याचा, एवढंच सांगणारा एक जुना कागद आण.”

चारही भावंडांनी आपापलं काम चोख केलं होतं. जन्मली, मेली, जात लिहून गेली. वनिताच्या शिक्षणासाठी घरात आतापर्यंत सगळ्यात जास्त मदत त्यांचीच झाली होती.

रविवारी निलेश वाडीवर गेला. धाऊ ओट्यावर बसून दोर वळत होता. नंदा, निलेशची आई, आत चुलीशी होती.

“बाबा, कोंडूबाबाचं नाव पोश्याच्या घरात का नाय?”

धाऊने हातातला पीळ सोडला नाही. “कसं आसंल? त्याला इकला व्हता.”

“कोणी?”

“पोश्यानं.”

“कोणाला?”

“हाळवे गावच्या कुणबिणीला. सोनुबाईला. एक सूप कोंड्यावर.”

काल भाजी कसली होती असं विचारल्यावर माणूस सांगेल, तसं धाऊने सांगितलं.

“आठ महिने मी कचेऱ्या हिंडतोय. आणि तुम्ही हे आता सांगता?”

“तू कागदाचं इचारत व्हतास. मानसाचं कवा इचारलंस?”

आतून नंदा म्हणाली, “त्यांना कायबी इचारताना नीट इचारावं लागतंय. लग्नाच्या येळी मी इचारलं, घर हाय का. हाय म्हनाले. छप्पर हाय का ते इचारायचं राहिलं.”

मग धाऊने सगळं सांगितलं. एखाद्याची पोरं जगत नसली की पुढचं पोर जन्मल्यावर दुसऱ्याच्या दारात नेऊन कोंड्याच्या बदल्यात विकायचं. सुपात पोर द्यायचं, सूपभर कोंडा घ्यायचा. मरण येतं ते बापाचं घर विचारत येतं. घरात पोरच नाही म्हटल्यावर परत जातं. पोर मात्र आईकडेच वाढतं, दूध तिचंच पितं. हे सगळं तोंडी असतं. पुढे त्याच्या लग्नात बाप सूपभर तांदूळ घेऊन त्या घरी जातो आणि पोर परत मागून आणतो. तांदूळ पोचले की व्यवहार फिटला.

“पोश्यानं चौथं पोर बी आसंच इकलं व्हतं,” धाऊ म्हणाला. “शेजारच्याच घरात. ते बी गेलं. तवा पोश्याच्या मनानं घेतलं, की मरनाला आपला यवहार पटला नाय. तोंडाचं कोन धरतंय. म्हून पाचव्या टायमाला त्यानं पक्का कागद केला. खालापूर तालुक्यात जाऊन. सायबाच्या म्होरं आंगठा दिला.”

“पोर विकल्याचा कागद? सरकारी?”

“पन जगला का नाय?” धाऊ म्हणाला, आणि पुन्हा दोर वळायला लागला.

कागद सापडायला पंधरा दिवस लागले. नोंदणीच्या कचेरीतल्या १९१९ च्या सूचीत तो सरळ होता, जणू एकशे पाच वर्षं कोणीतरी येईल म्हणून बाकावर बसून राहिला होता. नक्कल मिळाली तीही मोडीत. वाल्मिककाकांनी बाहेर जांभळीखाली उभ्याउभ्याच वाचायला घेतली आणि चौथ्या ओळीला त्यांचा आवाज हळू झाला.

पोर विकल्याचा कागद सरकार करून देत नव्हतं, तेव्हाही नाही. म्हणून लिहिणाऱ्याने तो दत्तकपत्र म्हणून लिहिला होता. आणि दत्तक तेव्हा आपल्याच जातीतून घ्यावा लागे. म्हणून त्याने पोश्याचीही सोय केली होती. ‘पोश्या शिंगवा, जात कुणबी, याचा पुत्र कोंडू, वय दोन महिने, यास कैलासवासी धाकलू ठोंबरे यांची विधवा सोनुबाई, जात कुणबी, हिने दत्तक घेतला असे.’ खाली पोश्याचा अंगठा होता. मोठा, नीट टेकवलेला, घाई न करता दिलेला.

“म्हणजे सापडला,” निलेश म्हणाला.

“सापडला,” वाल्मिककाका म्हणाले. “आणि कुणबी निघाला.”

समोरच्या टपरीवर कोणीतरी वडे तळत होतं. पोश्याने मरणाची वाट चुकवायला म्हणून पोराचं घर बदललं, बाप बदलला, जात बदलली, आणि वर सरकारी शिक्का मारून घेतला. इतकं चांगलं लपवलं की मरणाला सत्तर वर्षं पत्ता लागला नाही. समिती तर मरणाच्या मानाने पुष्कळच नवशिकी.

“हा कागद दाखवू नको,” वाल्मिककाका म्हणाले. “पण त्यांचा तपास झाला तर त्यांना तो दिसणारच. सोनुबाईच्या घरात काही असेल तर बघ. असल्या बायका कागद जपून ठेवतात.”

सोनुबाईचं घर शोधणं हे निलेशला सोपं होतं. खालापूर बाजूचे मीटर गजा वाचायचा. निलेशने त्याला फोन केला.

“हाळवे गावात ठोंबरे कोण कोण आहेत रे?”

“चार घरं हायत. धाकलूच्या घरचे पायजेत का?”

“तो मरून शंभर वर्षं झाली.”

“मीटर त्याच्या बायकोच्या नावावर हाय. सोनुबाई धाकलू ठोंबरे. रीडिंग येवस्थित. कुत्रं चावतंय, मागच्या दारानं जा.”

हाळव्यात वीज आली तेव्हा सोनुबाईला मरून तीसेक वर्षं होऊन गेली होती. पण घरपट्टी तिच्या नावावर, म्हणून मीटरही तिच्याच नावावर बसला. निलेश मागच्या दाराने गेला. कुत्रंही मागच्याच दारात होतं.

दार उघडलं ते राजेश ठोंबरेने. चाळिशीचा, हातात दोन फोन. सोनुबाईला स्वतःचं मूल नव्हतं, जमीन दिराच्या वंशात आली होती, आणि राजेश हा त्या दिराचा पणतू. त्याची म्हातारी आई इंदूबाई पडवीत वाल सोलत बसली होती.

“मी चिंचमाळाच्या वाडीवरून आलोय,” निलेश कुत्र्यावर नजर ठेवून म्हणाला. “माझा पणजोबा कोंडू. सोनुबाईंनी त्याला…”

पुढे बोलायचं कामच पडलं नाही. राजेशने त्याला मिठी मारली. दोन्ही फोन निलेशच्या पाठीला टोचले.

“अहो, दोन वर्षं शोधतोय मी तुम्हाला. दोन वर्षं. आई, कोंडूचा सापडला. चहा टाक. पोहे टाक.”

निलेशला असं स्वागत सासरीही मिळालं नसतं, अर्थात त्याचं लग्न व्हायचं होतं. पोहे खाताखाता उलगडा झाला. ठोंबऱ्यांची माळाची जमीन बंगल्यांच्या स्कीमला द्यायची होती. समोरच्या वकिलाने जुने कागद उकरले आणि शंभर वर्षं मागे जाऊन ते दत्तकपत्र काढलं. कोंडू हा सोनुबाईचा दत्तक मुलगा, तर त्याचे वारस कुठे आहेत, ते उद्या हक्क सांगतील, त्यांची सही आणा. राजेशने कुणब्यांच्या सगळ्या गावांत कोंडू शोधला. कुठेच नव्हता.

म्हणजे एकाच माणसाला दोन घरं शोधत होती. एकाला तो ठाकूर हवा होता, एकाला कुणबी. एकाला तो आपला म्हणून सिद्ध करायचा होता, दुसऱ्याला एकदाचा घराबाहेर काढायचा होता.

“आम्हाला तुमची जमीन नको,” निलेश म्हणाला. “आम्ही तुमचे कोणीच नाही. तेवढंच लिहिलेलं काही असेल तर ते पाहिजे.”

आतापर्यंत गप्प बसलेली इंदूबाई उठली. कमरेला हात लावत आत गेली आणि एक पत्र्याची पेटी घेऊन आली. पेटीत दोन पिवळे कागद होते, आणि खाली, भिंतीवरच्या खुंटीला टांगण्याची दोरी अजून असलेलं, काळं पडलेलं एक सूप.

“आमच्या आत्याबाई सांगायच्या,” ती म्हणाली. “सोनुआजीनं मरताना लिवून घेतलं. आमच्यात कोनाला वाचायला येत नव्हतं, पर टाकायचं नाय, आन् न्यायला येईल त्याच्याबिगर कोनाला दाखवायचं नाय म्हून सांगितलेलं.”

वरचा कागद बाळबोध लिपीत होता. मृत्युपत्र, सन १९४१. निलेश तो मीटरचे आकडे वाचावेत तसा एकेक अक्षर सोडवत वाचायला लागला. ‘कोंडू हा ठाकराचा पोर. चिंचमाळाचे वाडीचा पोश्या ठाकूर याचा. जीव राहावा म्हणून कोंड्यावर घेतला, खरा दत्तक नव्हे. कागदात जात खोटी लिहिली ती कागद व्हावा म्हणून. माझे मिळकतीत त्याचा काही एक हक्क नाही. ज्या सुपात घेतला ते सूप त्याचे आहे, तो न्यायला येईल तेव्हा त्यास द्यावे.’

निलेशने ते दोनदा वाचलं. १९४१. पोश्या ठाकूर. कोंडू त्याचा. वनिताची नर्सिंगची तीन वर्षं त्या पाच ओळींत होती.

“मग न्यायला का आला नाही?” राजेशने विचारलं.

“तांदूळ घेऊन यायला पायजे होतं त्याच्या बापानं,” इंदूबाई म्हणाली. “कोंडूच्या लग्नाची देन्याघेन्याची याद हाय बघ, त्याच पेटीत. नवऱ्याकडनं म्हून सोनुआजीचंच नाव लिवलंय. बाप आधीच गेलेला. मागून न्यायला कोन उरलं नाय.” ती निलेशकडे वळली. “कागद देते. पर सूपभर तांदूळ आन. इतकी वर्सं ते पोर आमच्याकडंच हाय.”

“आणि हक्कसोडपत्र,” राजेश घाईने म्हणाला. “त्याच दिवशी. आईचे तांदूळ, माझी सही.”

मंगळवारी निलेश, धाऊ आणि वनिता तिघंही हाळव्याला गेली. धाऊने वाडीतल्याच खाचरातले तांदूळ नंदाकडून पाखडून घेतले होते. पायात नवी चप्पल होती, वनिताने अलिबागहून आणलेली, त्यामुळे तोही थोडा लंगडत होता. पडवीत इंदूबाईने ते काळं सूप पुढे केलं. धाऊने त्यात तांदूळ ओतले. कसं मागायचं हे त्याला कोणी शिकवलं नव्हतं, तरी तो हात जोडून म्हणाला, “आमचं पोर द्या.”

“न्या,” इंदूबाई म्हणाली. तांदूळ तिने आपल्या टोपलीत घेतले आणि रिकामं सूप त्याच्या हातात दिलं.

धाऊ सूप छातीशी धरून उभा राहिला. म्हणाला, “मरताना दोन दिवस तोंडात हेच व्हतं कोंडूबाबाच्या. सूप राहिलं, सूप राहिलं. आमाला वाटलं, भरमिष्ट झाला.”

वनिता दुसरीकडे बघत होती. एकशे पाच वर्षांचा हा व्यवहार पूर्ण व्हायला चार मिनिटं लागली. पुढच्या व्यवहाराला चार तास लागले.

हक्कसोडपत्र राजेशच्या वकिलाने आधीच टाइप करून आणलं होतं. निलेशने सोबत आणलेल्या वाल्मिककाकांनी ते नोंदणी कचेरीच्या पायरीवर बसून वाचलं.

“निलेश, यात तुम्ही स्वतःला सोनुबाईचे वारस म्हटलंय. जात कुणबी.”

“ते काढायला सांगा.”

वकिलाने नाही म्हटलं. ‘वारस नसाल तर हक्क कसला सोडताय?’ असं त्याचं म्हणणं होतं, आणि त्यात चूक काढता येईना. ते सोनुबाईचे कोणीच नाहीत हे सांगणारा कागद मिळवायला, आधी ते तिचे कोणीतरी आहेत असं लिहून द्यावं लागत होतं. सुनावणी शुक्रवारी होती.

“मृत्युपत्र जुनं आहे,” निलेश वाल्मिककाकांना म्हणाला. “जुनंच मोठं मानतील ना?”

“मानायला पाहिजे,” वाल्मिककाका म्हणाले, आणि चष्मा पुसायला लागले. ते चष्मा पुसायला लागले की काय होतं हे निलेशला एव्हाना माहीत असायला हवं होतं.

वनिताने पेन घेतलं. “दे रे इकडं. डिसेंबर संपंल तुमचा इथंच.” तिने पहिली सही केली. मग निलेशने. मग धाऊने, सूप काखेत धरून. साहेबाने अंगठे घेतले. धाऊचा अंगठा मोठा होता, आणि त्याने तो नीट टेकवला, घाई न करता.

शुक्रवारी समितीने धाऊला आधी चालीरीती विचारल्या. देव कोणता? हिरवा, वाघदेव. नाच कोणता? कांबड, ढोलनाच. पोरं जगत नसतील तर काय करता? धाऊने सगळं सांगितलं, सुपासकट. समोरच्या साहेबांनी एका पुस्तकात बघून मान डोलावली. सगळी उत्तरं बरोबर होती. निलेशला वाटलं, एवढे मार्क वनितालाही पहिल्या वर्षी नव्हते.

मग साहेबांनी फाइलमधून दोन कागद काढले.

“हे १९१९ चं नोंदणीकृत दत्तकपत्र. कुणबी. आणि हे या मंगळवारचं नोंदणीकृत हक्कसोडपत्र, तपासात मिळालं. यात तुम्ही तिघांनी स्वतः लिहून दिलंय. वारस. कुणबी. सह्या तुमच्याच ना?”

“साहेब, मृत्युपत्र बघा,” निलेश म्हणाला.

“बघितलं. नोंदणी नाही. ठेवलं कोणी? ज्यांना कोंडूचा हक्क नकोय त्यांनीच. दिलं कोणी? त्यांनीच. कशाच्या बदल्यात दिलं, तर या सह्यांच्या.” साहेब आवाज न चढवता बोलत होते, आणि त्यांच्या चेहऱ्यावर रागही नव्हता. “तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?”

निलेशला उत्तर येत होतं.

बाहेर आल्यावर धाऊ म्हणाला, “एवढ्या सायबांना नाय घावला.” आणि त्याच्या आवाजात, लपवूनही लपेना असा, थोडा अभिमान होता.

जागा रद्द झाल्याचं पत्र जानेवारीत आलं. कोर्टात जाता येतं असं वाल्मिककाकांनी सांगितलं, चार-पाच वर्षं लागतील असंही सांगितलं. वनिता अलिबागहून ट्रंक घेऊन वाडीवर आली. पांढरा कोट तिने धुऊन, घडी करून, ट्रंकेच्या तळाला ठेवला. बंगल्यांची स्कीम सुरू झाली. हाळव्याच्या माळावर मोठी पाटी लागली. राजेशने निलेशला त्याचा फोटो पाठवला, खाली हात जोडल्याचं चित्र. सूप धाऊच्या घरात खुंटीला होतं. त्यात नंदा काही पाखडायची नाही. सूप असून सूप म्हणून न वापरलं जाणारं ते वाडीतलं एकमेव सूप होतं.

फेब्रुवारीत एका सकाळी निलेश वाडीवरच होता. शकू आली. शेजारच्याच घरातली, वनिताच्या बरोबरीची. तिची दोन पोरं बाळंतपणातच गेली होती. हे तिसरं, दीड महिन्याचं, तिने पदरात गुंडाळून आणलं होतं.

वनिताने बाळाच्या पोटावर हात ठेवला आणि तिचा चेहरा बदलला. “चटका बसतोय गं. कधीपासून हाय?”

“काल दुपारपासनं.”

“मग काल दवाखान्यात का नाय नेलंस? चल, आत्ता निघू. दादा, गजाला सांगून टेंपो मागव.”

शकू जागची हलली नाही. तिने खुंटीकडे बोट दाखवलं. “आदी सूप. मग दवाखाना.”

“शकू, अगं मी शिकलेय ते…”

“तू शिकलीस ते खरं. पर ते सूप जगलेलं हाय.”

नर्स व्हायला गेलेल्या बाईच्या दारात महिन्याभरात पहिला पेशंट आला होता, आणि तो सुपाकडे आला होता. मग वनिताने हात वर करून सूप काढलं. नंदाने मडक्यातला कोंडा आणला. बाळ सुपात, कोंडा शकूच्या ओटीत. वनिताने बाळ उचललं, छातीशी घेतलं आणि टेंपो येण्याच्या आधीच उतारावरून चालायला लागली. मागे शकू, मागे निलेश.

रुग्णालयाच्या खिडकीतल्या माणसाने केसपेपर ओढला. “बाळाच्या आईचं नाव?”

वनिताने शकूकडे पाहिलं. शकूचं लक्ष खिडकीकडे नव्हतं. ती दाराकडे बघत होती, मागून कोणी येतंय का ते बघावं तशी. मग हळू, पण स्पष्ट म्हणाली, “वनिता धाऊ शिंगवा.”

निलेशने तोंड उघडलं. त्याच्या डोळ्यांसमोर एकदम सन २१३० उभं राहिलं. कोणीतरी पोरगा, किंवा पोरगी, हा केसपेपर हातात धरून कुठल्यातरी कचेरीबाहेर, जांभळीखाली. वनिताने त्याच्या पायावर पाय दिला, जोरात.

“लिहा,” ती खिडकीत म्हणाली. “मीच आई. तापाचं बघा आधी.”

तीन दिवसांनी ताप उतरला. सलाइनमुळे उतरला असं डॉक्टर म्हणाले. शकूच्या ओटीत कोंडा अजून बांधलेला होता.

त्या दुपारी बाळाला घेऊन सगळे वाडीवर परत आले. निलेश ओट्यावर बसला आणि रीडिंगच्या कोऱ्या पावतीच्या मागे लिहायला लागला. ‘हे बाळ शकूचं. आईबाप दोघंही ठाकूर. जीव राहावा म्हणून वनिताने एक सूप कोंड्यावर घेतलं. केसपेपरवर आईचं नाव चुकीचं आहे, ते मुद्दाम आहे. लग्नाच्या आधी तांदूळ घेऊन यावं, विसरू नये.’ तारीख घातली. वनिताची सही घेतली, शकूचा अंगठा, साक्षीला धाऊ.

“ह्याची नोंदनी करायची का?” धाऊने विचारलं.

“नको,” निलेश म्हणाला. “नोंदणी केली की जात विचारतात, आणि मग लिहिणारा सोय बघतो.”

वनिताने कागदाची घडी घातली आणि ट्रंकेत ठेवली, सगळ्यात तळाला, कोटाखाली. हा कागद कुठलीच समिती मानणार नाही हे तिघांनाही माहीत होतं. धाऊने सूप खुंटीला परत टांगलं. दोन दिवसांनी वरच्या आळीतून आणखी एक बाई आली, पोट पुढे घेऊन, आणि दारात उभी राहून सुपाकडे बघत म्हणाली, ते मोकळं हाय का.